काकाची कच्ची फीत

नसरीननं कॅसेट यंत्रात सरकवली आणि तिच्या दुकानात कुबट वास पसरला. पावसाळ्यात ओली राहिलेली गोधडी उकलली की येतो ना, तसा. तीसेक वर्षं पत्र्याच्या पेटीत, खताच्या पोत्यांशेजारी पडून राहिलेली व्हिडिओ कॅसेट होती ती. वास येणारच होता.

"ताई, बुरशी लय धरली हाय," नसरीन म्हणाली. "एकडाव चालली तं चालली. तुटली तं मले बोल लावजा नोका."

वाशिमच्या बसस्टँडमागं तिच्या अब्बांचा, हबीबचाचांचा, फोटो स्टुडिओ होता. आता तिथं ती एकटी बसते आणि लोकांच्या लग्नाच्या जुन्या कॅसेटी पेन ड्राइव्हवर उतरवून देते. मी याच गावात शाळेत शिकवते, पण त्या दिवशी स्टुलावर बसले होते ती पेपर कोरा ठेवून आलेल्या पोरीसारखी. फीत तुटेल म्हणून घाबरतेय, असं मी नसरीनला सांगितलं. ते अर्धंच खरं होतं. न तुटता शेवटपर्यंत चालली तर काय, हे भय त्याहून मोठं होतं, पण ते परक्या मुलीला कसं सांगणार?

पडद्यावर आधी नुसती खरखर आली, मग निळा रंग थरथरला, आणि मग पानं दिसली. संत्र्याची पानं होती ती. मी डोळे मिटून घेतले.

किन्हीराजाच्या अलीकडे, रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर आमची संत्र्याची बाग होती. आता तिथं सोयाबीन आहे. झाडांना डिंक्या रोग लागला, विहीर बुजली, आणि परवा मी मुद्दाम तिथून गेले तर बांधसुद्धा ओळखू आला नाही. पण बहाराच्या दिवसांत त्या फुलांचा वास इतका दाट असायचा की दोरीवर वाळत घातलेल्या आईच्या लुगड्यांना तो आठवडाभर यायचा. मधमाशा अशा घोंघावायच्या की आईला हाक मारली तरी ऐकू जात नसे. काकडी कापावी तसा विहिरीच्या गार काठाचा वास, तोडणीच्या वेळी सालीतून उडणारं आणि डोळ्यांत झोंबणारं पाणी, करंड्यांतल्या वाळल्या गवताची कुसकुस. एवढं सगळं सुखाचं असताना मी मात्र भित्री पोर होते. विहिरीतल्या कासवाला भ्यायचे, पाहुण्यांच्या मिशांना भ्यायचे, आणि सर्वांत जास्त भ्यायचे ती सुधाकरकाकाच्या कॅमेऱ्यावरच्या लाल दिव्याला.

सुधाकरकाका बाबांचा धाकटा भाऊ. तरुणपणी तो मुंबईला पळाला, कुठल्याशा स्टुडिओत काही वर्षं दिवे उचलले, आणि खांद्यावर बसणारा एक थोरला कॅमेरा घेऊन परत आला. येताना प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेलं एक पानही त्यानं आणलं होतं. परदेशी मासिकातून फाडलेलं. त्यावर एक टोपीवाला गोरा माणूस संत्र्याच्या बागेत उभा होता. त्याच्यामागं लाकडी चौथरा, त्याला भिंती नाहीत, छप्पर नाही, वरून फक्त पांढरं कापड ताणलेलं. खालचा मजकूर अर्धा फाटलेला होता, त्यामुळे त्या माणसाचं नाव काकालाही ठाऊक नव्हतं. तरी त्याची सगळी जन्मकुंडली काका आम्हाला सांगायचा, जणू एका ताटात जेवले होते दोघं.

"हा अमेरिकेतला पहिल्या खेपेचा निर्माता," काका सांगायचा. "आधी टोप्या विकत होता म्हनते. मंग गेला तिकडं अन् बागेतच काढले सिनेमे. दादा, हे लोक तिकडं कायले गेले, सांग बरं? उनासाठी! वर्षभर ऊन, अन् संत्र्याच्या बागा. मंग आपल्याकडं काय कमी हाय? बाग हाय, अन् ऊन तं पोत्यानं पडून राह्यलं."

"चाला," बाबा म्हणायचे, "उनालेबी गिऱ्हाईक भेटलं एकदाचं."

बाबांना हसू यायचं, पण भावाला त्यांनी कधी अडवलं नाही. बागेच्या मधोमध चार झाडांना आजोबांची जुनी धोतरं जोडून बांधली गेली आणि त्या जागेला आम्ही स्टुडिओ म्हणायला लागलो. गोडेतेलाच्या डब्यांचे पत्रे राखेनं घासून चकचकीत केलेले होते, ते धरून उजेड वळवायचा. धोतरांतून खाली येणारा उजेड दुधाळ आणि थंडगार दिसायचा. सगळ्यांना तो फार आवडायचा. मला नाही आवडायचा. त्या कापडाखाली आई आजारी दिसायची आणि बाबांचे ओठ पांढरे पडल्यासारखे वाटायचे. काका ओरडायचा, "लाल दिवा लागला, आता कोनी श्वास घेऊ नोका!" बाकीचे हसायचे, मी मात्र खरोखरच श्वास कोंडून धरायची.

काकाची काम करायची रीत त्या पानावरच्या माणसाचीच होती, म्हणजे तसं तो म्हणायचा. पहिले सिनेमे मुके होते, तेव्हा आवाजाची फिकीर करायची नाही. चित्र काढताना तो बेलाशक ओरडत राहायचा, हात वर कर, मान खाली घाल, रड, थांब. ते सगळं कॅमेऱ्यात भरलं जायचं. नंतर हबीबचाचांकडे बसून तो त्यावर सनई नाहीतर बासरी चढवायचा आणि खालचं बोलणं पुसून जायचं. मूळच्या कच्च्या फिती मात्र त्यानं पेटीत जपल्या. निर्माता काही फेकत नसतो, हे त्याचं वाक्य होतं.

त्या वर्षी जो सिनेमा चालला होता त्याचं नाव दर आठवड्याला बदलायचं. गोष्ट मात्र तीच होती, एका बागवानाच्या मरणाची. बागवान आमचे बाबा. अडलं होतं ते त्यांच्या मरणाच्या देखाव्यापाशी, कारण रडणारी माणसंच मिळत नव्हती. गावातल्या बाया कॅमेरा पाहिला की पदर तोंडाला लावून हसायच्या. काका कपाळाला हात लावून झाडाखाली बसायचा.

आणि तोडणीच्या दिवसांत ते झालं. बाबा शिडीवर उभे होते, आई खाली करंडी धरून. एक कावळा आला, सरळ बाबांच्या डोक्यावर बसला, टाळूवर एक चोच मारली आणि उडून गेला. बाबा हसले. आईच्या हातून करंडी सुटली, संत्री उतारावरून विहिरीकडं घरंगळत गेली, आणि एकही उचलायला ती वाकली नाही.

कावळा डोक्यावर बसला म्हणजे त्या माणसाचं मरण जवळ आलं, असं आमच्याकडे मानतात. त्याला उताराही आहे. रक्ताच्या माणसाला खोटाच निरोप धाडायचा, अमका गेला म्हणून. ते माणूस काळीज फाडून रडलं की मरण तेवढ्यावर समाधान मानतं आणि माघारी जातं. अट एकच, रडणाऱ्याला खोटं आहे हे कळता कामा नये.

"आयका ना जी," आई बाबांच्या मागं लागली. "धनजले निरोप धाडा. वन्सं रडतीन एकडाव, मंग झालं."

धनजला बाबांची एकुलती बहीण दिलेली होती, गोदाआत्या. बाबा म्हणाले, "कावळ्याले बसाले जागा पाह्यजे होती, बसला. त्याच्यासाठी माह्या बहिनीले मी रडवनार नाई."

आईनं जेवण सोडलं. ती भांडली नाही, ओरडली नाही, फक्त ताटावर बसेना. आणि मी बाबांच्या मागं मागं फिरायला लागले. ते विहिरीवर गेले की मी काठाशी, ते शिडीवर चढले की मी शिडी दोन्ही हातांनी धरून. दुपारी ते झाडाखाली आडवे झाले की मी जवळ बसून त्यांची बंडी वरखाली होतेय का ते पाहायची. मध्येच ती हलत नाहीय असं वाटायचं. मग मी बोट त्यांच्या नाकाखाली धरायची. ते एक डोळा उघडून म्हणायचे, "हाय वं, हाय अजून." तेवढ्यापुरता माझा जीव भांड्यात पडायचा, आणि त्यांनी डोळा मिटला की परत भीती सुरू. तसली भीती मी पुन्हा कधी अनुभवली नाही. ती पोटात नसते, बोटांत असते.

तिसऱ्या दिवशी आईला घेरी आली आणि बाबा नमले. तेव्हा काकाच्या डोक्यात प्रकाश पडला. एका दगडात दोन पाखरं! आत्या येणार, रडणार, बाबांचं मरण टळणार, आणि सिनेमाला हवं ते मिळणार.

"पन गेला असा निरोप धाडाचा नाई," काका म्हणाला. "धनजलेच रडून घेतलं तं इथं काय उरन? तब्येत बिघडली, एवढंच कळवा. बाकीचं इथं, बस थांबल्यावर."

"अन् ते सांगन कोन?" आईनं विचारलं.

काकानं माझ्याकडं पाहिलं. लेकरू खोटं बोलतं असं कोणाला वाटत नाही, हे त्याला बरोबर ठाऊक होतं. आईनं माझी हनुवटी धरली आणि म्हणाली, "आत्याले खरं वाटलं पाह्यजे माय. नाई वाटलं तं तुहे बाबा राह्यत नाई." मी नऊ वर्षांची होते.

धनजच्या किराणा दुकानात फोन होता, तिथं निरोप गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी पांढऱ्या कापडाखाली माझी तालीम झाली. काका म्हणाला, पुन्हा. मी पुन्हा रडले. तो म्हणाला, पुन्हा.

दुपारच्या बसनं आत्या आली. काका कॅमेरा घेऊन चहाच्या टपरीच्या गोणपाटामागं दडला होता. आत्या उतरली तेव्हा तिच्या एका पायात तिची चप्पल होती आणि दुसऱ्यात मामांची, म्हणजे तिच्या नवऱ्याची. हाताला पीठ वाळलेलं. ती चार पावलं आली आणि मला पाहून थांबली. मी सांगितल्याप्रमाणे जमिनीकडं पाहिलं आणि म्हणाले, "आत्या, बाबा गेले."

तिनं आधी आवाज केलाच नाही. ती रस्त्यात बसली, मला ओढून पोटाशी धरलं आणि स्वतःच्या पदरानं माझे डोळे पुसायला लागली. "माह्यं लेकरू, माह्यं लेकरू वं," एवढंच म्हणत होती. पिठाचा आणि घामाचा वास येत होता. माझ्या डोळ्यांत खरोखर पाणी होतं, पण ते कशाचं होतं हे मला आजही सांगता येत नाही. हिला खरं वाटलं असेल का, एवढाच एक विचार डोक्यात होता. मग मला काखेत मारून ती बागेकडं धावत सुटली, आणि तिचा आक्रोश तेव्हा सुरू झाला. टपरीवरच्या माणसांनी हातातले कप खाली ठेवले.

बाबा गवतावर निजले होते. कपाळाला गुलाल, तोंडात तुळस, शेजारी बांबूची तिरडी. त्या दुधाळ उजेडात ते इतके मेलेले दिसत होते की आईनंही मान फिरवली. आत्या त्यांच्या अंगावर पडली. लहानपणच्या गोष्टी काढकाढून रडली, त्यांनी तिला खांद्यावरून नदी पार करून दिली होती ती, तिच्या लग्नात मांडवामागं जाऊन ते रडले होते ती. काका कॅमेरा घेऊन भोवती फिरत होता. आई पुटपुटली, "आता उठवा ना जी." काकानं तळहात दाखवला, थांब. आत्यानं तिरडीच्या बांबूवर कपाळ आपटलं. काकाचा तळहात तसाच. लाल दिवा चालू होता आणि मी श्वास कोंडून उभी होते. तिनं दुसऱ्यांदा कपाळ आपटलं तेव्हा रक्त आलं, ते बाबांच्या हातावर पडलं, आणि मग कोणी न सांगता बाबा उठून बसले.

आत्या त्यांच्याकडं पाहतच राहिली. मग तिनं एक बोट त्यांच्या नाकाखाली धरलं. बाबा रडायला लागले. आईनं कावळ्याची हकीकत भडाभडा सांगितली, आणि आत्यानं पायातली मामांची चप्पल काढून काकाला झाडाझाडांमधून पळवला. तेव्हा सगळे हसले. मारामारी पाहून मीही हसले असेन. ती धापा टाकत परत आली, मला मांडीवर घेतलं, आणि माझ्या केसांवरून हात फिरवत म्हणाली, "अरे मेलेहो, माह्यं सोडा, पन या लेकरालेबी फसवलं रे तुमी!"

आईनं माझ्याकडं पाहिलं. बाबांनी माझ्याकडं पाहिलं, आणि मग पायाजवळच्या गवताकडं. खरं काय ते कोणीच सांगितलं नाही. मीही नाही.

सिनेमा पुरा झाला. शिरपूरला यात्रेकरूंची गर्दी असते म्हणून काकानं तिथल्या एका मंगल कार्यालयात भर दुपारी खिडक्यांना सतरंज्या लावून तो दाखवला. आत्याच्या रडण्यावर सनई चढवली होती, तरी बाया हुंदके देत बाहेर आल्या. काकाच्या निर्मातेपणाचा तो कळस. त्यानंतर त्यानं एक सिनेमा काढला, एक अर्धा सोडला. पण तसं रडणं त्याला परत मिळेना. मग तो खरोखरच्या मयतीत कॅमेरा घेऊन जायला लागला. दारात उभा राहून तो रडणाऱ्यांची तोंडं निरखायचा आणि लोक त्याला हाकलून द्यायचे. मला तर तो रस्त्यात दिसला तरी धडकी भरायची, पुढं कोणाकडे निघालाय हा? पुढं लग्नाचं शूटिंग केलं, मग ते काम मोबाइलनं खाल्लं. गेल्या वर्षी तो वारला. खाटेजवळच्या भिंतीला ते मासिकाचं पान अजून चिकटलेलं होतं.

बाबा त्यानंतर चांगली सव्वीस-सत्तावीस वर्षं जगले. आई कावळ्याचा उपकार मानत राहिली. आणि मला आत्या मिळाली. दहावीनंतर मी धनजला तिच्याकडे राहून कारंज्याच्या कॉलेजात शिकले. तिला मुलगी नव्हती. ती माझी वेणी घालायची, बसच्या वेळेला शिळ्या भाकरीचा कुस्करा हातावर द्यायची, ताप आला की रात्रभर उशाशी बसायची. आल्यागेल्याला सांगायची, "आमाले दोघीले फसवलं होतं मेल्यायनं. एकाच दिवशी माहा भाऊ गेला अन् हिचा बाप. रस्त्यात बसून रडलो आमी दोघी. तवापासून हे माही लेक हाय." कपाळावरचा पांढरा व्रण दाखवायची. मी खाली पाहायची. लोकांना वाटायचं, पोर लाजाळू आहे.

सांगायला मी कितीदा तरी तोंड उघडलं. एकदा पापड लाटताना. एकदा लग्न होऊन निघताना, तिनं माझी ओटी भरली तेव्हा. दर वेळी तीच भीती, की हिनं मला मांडीवरून उतरवलं तर? वय वाढलं तसं सांगणं सोपं व्हायला हवं होतं. ते अवघडच होत गेलं.

चार वर्षांपूर्वी बाबा खरंच गेले. धनजला फोन मीच केला. मग आत्या म्हणाली, "खरं सांगून राह्यली ना वं माय?"

"खरं, आत्या."

"सुधाकरनं सांगतलं असतं तं मी आलीच नसती. तू सांगतं म्हनून निंगतो." एवढं बोलून तिनं फोन ठेवला.

आता तिला दिसत नाही. दारातल्या उजेडात माणूस आलं की सावली कळते, एवढंच. बाबांचे फोटो तिच्या काही कामाचे नाहीत. दर आठवड्याला फोनवर एकच विचारते, "दादाचा आवाज कुठी भेटला का वं?" कुणाच्या मोबाइलमध्ये नाही, लग्नाच्या कॅसेटीत नाही, कारण बाबा कॅमेऱ्यासमोर कधी बोलायचेच नाहीत. मग काकाच्या मुलानं पेटी उघडली आणि ही कच्ची फीत मिळाली. मी आत्याला सांगून बसले होते, आवाज असेल बहुतेक. सांगितल्यावर आठवलं, की त्या फितीत अजून काय असेल.

"ताई, डोये उघडा ना," नसरीन म्हणाली. "हे पोरगी कोन हाय?"

पडद्यावर लाल रिबिनींच्या दोन वेण्या घातलेली एक पोर पांढऱ्या कापडाखाली उभी होती. ती तोंड वेडंवाकडं करून रडली. काकाचा आवाज आला, "अवं, हे रडनं हाय का खोकला? पुन्हा." ती पुन्हा रडली. "आत्या, बाबा गेले." पुन्हा. तिसऱ्यांदा तिचं रडणं चालू असतानाच, चित्राच्या बाहेरून, अगदी जवळून, एक घोगरा आवाज आला.

"असं नाई वं बाई. तिच्याकडं पाहू नोको, खाली पाह्य. मानूस खरं रडते तवा तोंड लपवते." मग थोडा खोकला. "अन् सुध्या, लवकर आटपजो गा. माह्या गोदीले लय वेळ रडू देऊ नोको. काळीज लहान हाय तिचं."

चार वर्षांत ऐकला नव्हता तो आवाज. मी नसरीनच्या टेबलाची कड घट्ट धरली. बाबा होते. अगदी तेच, तसेच होते.

नसरीननं थांबवलं. पुढं-मागं करून पाहिलं. फितीत तेवढंच होतं, बाबांचा दुसरा शब्द नव्हता. "अब्बाचा आवाज हाच ना तुमच्या? पन पोरीचं रडनं त्याच्यावरच चढून हाय ताई. अलग नाई निंगत." मग तिनं माझ्या तोंडाकडं पाहिलं. तिला काय वाटलं कुणास ठाऊक. हलकेच म्हणाली, "नसन द्यायचं कोनाले, तं फीत तुटली म्हनून सांगा. बुरशी तं होतीच."

किती सोपं होतं. आंधळी म्हातारी, तुटलेली फीत, आणि तिच्या लेखी आजवर कधीच खोटं न बोललेली मी. दोन दिवस मी हे वाक्य मनात घोळवलं. आत्या, फीत तुटली. आत्या, फीत तुटली. आणि माझ्या लक्षात आलं की मी तालीम करतेय.

रविवारी धनजला गेले. आत्या ओसरीत बाजेवर बसून तुरीच्या शेंगा सोलत होती, बोटांनी चाचपून. माझ्या पावलांवरून तिनं ओळखलं. "आनला?" तिनं विचारलं. चहा नाही, पाणी नाही, आधी तेच. मी तिच्याजवळ बसले, मोबाइल तिच्या कानाशी धरला. तो नीट कानाशी राहावा म्हणून तिनं माझं मनगट धरलं.

ती ऐकत होती. काकाच्या आवाजाला तिनं नाक मुरडलं. मग ते रडणं, पुन्हा, पुन्हा. मग बाबा. माह्या गोदीले, असं ते म्हणाले तेव्हा तिच्या हातातली शेंग खाली पडली. तिचा चेहरा असा उजळला की क्षणभर तिला दिसायला लागलं की काय असं वाटलं.

"पुन्हा लाव," ती म्हणाली. मी लावलं. तिसऱ्यांदा लावलं. तिसऱ्यांदा ऐकताना तिच्या कपाळावर आठी आली.

"हे रडनारं पोट्टं कोन हाय वं?"

ओसरीत कोणी नव्हतं. मला वाटेल ते सांगता आलं असतं.

"मी," मी म्हणाले.

"मी बसनं याच्या पयले?"

"हो. सकाळी."

तिनं माझं मनगट सोडलं नव्हतं. बोटं तशीच होती, त्यांतला जोर तेवढा गेला. मी रागाची वाट पाहत होते. तिनं मला हाकलावं, शिव्या द्याव्यात, काकावर उगारली तशी चप्पल उगारावी, सगळं चाललं असतं. ती उजेडाच्या दिशेला तोंड करून बसली आणि मला नव्हे, स्वतःलाच सांगावं तसं म्हणाली,

"म्हंजे त्या दिवशी मी एकटीच रडली."

"आत्या, मला वाटलं होतं बाबा मरतील. तुला खरं वाटलं नाही तर ते—"

तिनं हात वर केला.

"लाव," ती म्हणाली. "दादाचं लाव."

मी लावलं. बाबा बोलायच्या आधी माझं ते रडणं येतं, तीन वेळा. ते वगळून त्यांच्यापर्यंत जाता येत नाही. आत्या मान खाली घालून, एकही हुंदका न चुकवता, ते सगळं ऐकत बाबांची वाट पाहत राहिली.